समुद्रावर मापं देणारी माणसं

आमच्या वरच्या मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्रकिनारा रंगवला, तेव्हा त्या किनाऱ्यावर बारा माणसं उभी होती. बाराच्या बारा तोंड समोर करून, हात अंगापासून वीतभर लांब धरून, पोट आत ओढून. मागे लाटा आपल्या येत-जात होत्या, त्यांच्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

"मास्तर," मी म्हटलं, "किनाऱ्यावर धाड पडलीय का? सगळ्यांची झडती चाललेली दिसते."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मात्र स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, "भाऊजी, नीट बघा. झडती नाही. मापं देतायत बिचारे."

खरंच की! आता टेप येईल, छातीभोवती फिरेल, आकडा लिहिला जाईल, मग आपण सुटू आणि समुद्र बघू, अशा चेहऱ्याने ती माणसं उभी होती.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. टेलर मास्तर. कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं, एक्केचाळीस वर्षं. इथल्या निम्म्या पुरुषांच्या कमरेचा इतिहास त्या माणसाच्या डोक्यात आहे आणि त्यातलं एक अक्षर त्यांनी कधी बाहेर जाऊ दिलं नाही. माझं पोट त्यांनी इंचाइंचाने वाढताना पाहिलं. दर वेळी टेप लावायचे, वहीत आकडा लिहायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "कापड हल्ली आटतं फार." एवढी सभ्यता माझ्यात असती तर मीही कुणीतरी मोठा झालो असतो. पण माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, एवढी जागा असून.

मग डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू काढला, तरी आतला पडदा झिजला होता तो झिजलाच. माणूस दिसायचा, माणसाचं बटण दिसायचं नाही. तरी वर्षभर रेटलं. सुईत दोरा येणाऱ्या-जाणाऱ्याकडून ओवून घ्यायचे. शेवटी एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. वकील भला माणूस. कोट घालून आरशासमोर उभा राहिला, दोन्ही हात एकाच बाजूला वळलेले पाहिले आणि हळूच म्हणाला, "मास्तर, आता आराम करा." त्याच आठवड्यात दुकानाचं शटर खाली आलं.

आराम करणं मास्तरांना जमलं असतं, पण त्यांनी तो घरात बसून केला, तिथे बिनसलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक गॅलरी. सकाळी नऊ ते रात्री नऊ त्या घरावर चाळीस वर्षं वहिनींचं राज्य. त्यात आता हे. पडद्याची दुमड चाचपून बघायचे आणि म्हणायचे, "अर्धा इंच तिरकी आहे." उशीच्या अभ्र्याची शिवण उसवून ठेवायचे, कारण ती "बाजारची" होती. परत शिवणार कोण? डोळे नाहीत. आठवडाभर आम्ही त्यांच्या घरी गेलो की उशीतला कापूस कपड्यांना लावून परत यायचो.

एका दुपारी वहिनींनी कमरेवर हात ठेवून निकाल दिला. मी तेव्हा तिथे होतो, कारण मी असतोच.

"तीन महिने देते. तेवढ्यात स्वतःला काहीतरी उद्योग शोधा. सापडला तर ठीक. नाही सापडला तर लेकीकडे जाऊ. कायमचं. ती दोन वर्षं बोलावतेय."

लेक दुसऱ्या शहरात राहते. नवी इमारत, बारावा मजला, खाली बाग, वर लिफ्ट. माझ्यासारख्याला कुणी बोलावलं असतं तर मी चपलाही न घालता गेलो असतो. मास्तरांचं मात्र तोंड एवढंसं झालं. मला जिन्यात गाठून म्हणाले, "इथे मी रस्त्यात उतरलो की शंभर माणसं माझी. कुणाचा शर्ट ढगळ झाला, कुणाचा तंग झाला, मला कळतं. तिथे मी कोण? आजोबा. नुसता आजोबा. बाकावर ठेवलेला."

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं, म्हणून नोंदवून ठेवतो.

वहिनींना एवढी घाई कशाची, हेही मी विचारलं. "नातवंडं," त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला लागल्या. मी विश्वास ठेवला. पुढच्या दोन दिवसांत अकरा माणसांना सांगितलंही: वहिनींना नातवंडांची ओढ लागलीय म्हणून.

तर उद्योग. वाचनालयाच्या वरच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी चित्रकलेचा वर्ग भरतो, हे मला ठाऊक होतं. तिथे कोण-कोण जातं, कोण कुणाच्या शेजारी बसतं, हेही ठाऊक होतं, पण तो विषय वेगळा. मास्तरांना मी हाताला धरून नेलं. ते वाटेत तीनदा थांबले. "मला कापडावर खडूने रेघ मारता येते रे. चित्र कधी काढलंय?"

शिकवणाऱ्या बाई तिशीच्या. कायम एका गालाला रंग लागलेला, आणि तो कधी पुसलेला कुणी पाहिला नाही. त्यांची पद्धत ठिपक्यांची आणि फटकाऱ्यांची. जवळून बघाल तर नुसते रंगाचे डाग, चार पावलं मागे जाल तर ऊन पडलेलं दिसतं. पहिल्याच महिन्यात त्यांनी सगळ्यांना समुद्रकिनारा दिला. आकाश, पाणी, ओली वाळू, कोरडी वाळू. मास्तरांनी हे चारही पट्टे असे सरळ घातले, जणू ताग्यावरून कापून आणलेत. बाई खूश. मग आली माणसं, आणि तिथे मास्तर अडकले.

बाईंनी करून दाखवलं. चपट्या ब्रशवर रंग घेतला आणि वरून खाली एकच फटकारा मारला, वर रुंद, खाली निमुळता. डोक्याचा बारीक ठिपका. खाली वाळूवर आडवी सावली. झाला माणूस. "डोकं लहान ठेवायचं. नवशिके डोकी मोठी काढतात. पावलं काढायचीच नाहीत, सावली त्याला जमिनीवर उभं करते. जे ठाऊक आहे ते काढू नका. लांबून जेवढं दिसतं तेवढंच."

मास्तरांनी मान डोलावली, घरी आले, डोळ्याला भिंग लावलं आणि एका माणसावर चार दिवस खर्च केले. कॉलर, खिसा, खिशावरची टीप, पँटची इस्त्रीची घडी. एवढी इस्त्री घालून वाळूत कुणी जातं? आणि प्रत्येक जण तसाच उभा, हात लांब धरून. त्यांचा काय दोष म्हणा. एक्केचाळीस वर्षं त्यांच्यासमोर आलेला प्रत्येक माणूस तसाच उभा राहिला. माणूस उभा कसा राहतो म्हटलं की मास्तरांच्या डोळ्यासमोर तेच येणार.

बाई चित्रासमोर चार पावलं मागे गेल्या. मग हळूच म्हणाल्या, "मास्तर, ही मंडळी फिरायला आलीयत की ट्रायलला?"

वर्गातल्या सगळ्या बायका हसल्या. मास्तरही हसले. पण घरी येऊन त्यांनी कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वहिनींनी माळ्यावरून एक रिकामी बॅग काढून उन्हात ठेवली.  ती गॅलरीत आठवडाभर तोंड उघडून बसली होती.

दोन महिने गेले होते.

त्या आठवड्यात मी रोज चहाला वर जायचो. गॅलरीतून समोरचा बस स्टॉप दिसतो. आमचं घर तळमजल्यावर, आमच्या खिडकीतून दिसते ती फक्त शेजारच्या इमारतीची भिंत. माझ्यासारख्या माणसाचा हा किती मोठा छळ आहे, ते ज्याचं त्याला कळेल. म्हणून मी त्यांच्या गॅलरीचं जुनं गिऱ्हाईक. एक दिवस मास्तरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळत म्हणाले, "पोस्टातल्या बाई आज अर्ध्या रजेवर होत्या वाटतं, उशिरा आल्या."

मी खाली पाहिलं. रस्त्यापलीकडे एक पाठमोरी बाई. "चष्म्याशिवाय? तुम्हाला दिसतंय?"

"नाही. राखाडी काहीतरी दिसतंय. पण डावा खांदा पुढे काढून उभ्या आहेत ना?"

होत्या. पोस्टातल्याच होत्या.

मग काय, आमचा खेळच सुरू झाला. मी विचारायचं, मास्तरांनी चष्मा न लावता ओळखायचं. औषधाच्या दुकानाचे मालक: मान आधी येते, बाकीचा माणूस मागून. बेकरीवाला: टाचा घासत. एकदा तर म्हणाले, "या दोघांचं भांडण झालंय." मी म्हटलं, "कशावरून?" तर म्हणे, "ती त्याच्या पिशवीच्या बाजूने चालत नाहीये. रोज चालते." मी संध्याकाळी चौकशी केली. झालं होतं भांडण! माझ्या आधी या माणसाला कळलं, तेही तिसऱ्या मजल्यावरून, आंधळेपणाने. मला रात्रभर लागून राहिलं.

"मास्तर," मी म्हटलं, "बाई आणखी काय वेगळं सांगतायत? लांबून जेवढं दिसतं तेवढंच. हे तुमचं लांबून दिसलेलंच आहे की."

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग उठले, भिंतीकडचा कॅनव्हास फिरवला, पॅलेट-सुरीने बाराही माणसं खरवडून काढली आणि चष्मा खिशात टाकला. भिंग वहिनींच्या हातात दिलं. "हे कुठेतरी ठेवून दे. मला सापडणार नाही असं."

आठ दिवसांत सगळी आळी समुद्रावर गेली. एकेका माणसाला दोन-तीन फटकारे, बस. औषधवाले पाण्याकडे मान काढून चाललेले, पोस्टातल्या बाई डावा खांदा पुढे काढून लाटेशी भांडत असल्यासारख्या. कुणालाही नाक नाही, डोळे नाहीत, बटण एकही नाही. आणि ज्याने-त्याने चार पावलं मागे जाऊन स्वतःकडे बोट दाखवलं. बेकरीवाला म्हणाला, "हा मीच. पण मी एवढा वाकतो?" कोपऱ्यात एक विटकरी रंगाचा गोळा होता, तिघांच्या घोळक्यापासून जरा बाजूला, कान तिकडे करून उभा. मी विचारलं हा कोण. सगळे माझ्याकडे बघून इतके हसले की मी पुढे विचारलं नाही. बाईंनी चित्र वाचनालयाच्या मोठ्या खोलीत लावायचं ठरवलं, महिनाअखेरीला.

वहिनींनी हात पुसत पुसत ते पाहिलं. खूप वेळ. मग म्हणाल्या, "अख्खी आळी गेली समुद्रावर. मी तेवढी घरी राहिले."

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा होता. मी म्हटलं, "घ्या! आता बोला."

"उद्योग चांगला आहे," वहिनी म्हणाल्या, "मान्य. पण मला काढा त्यात. अशीच, दोन फटकाऱ्यांत. आणि ती मी आहे, हे मला सांगायला लागता कामा नये. जमलं तर राहू इथेच. नाही जमलं तर बॅग काढलेलीच आहे."

मास्तरांनी ब्रश उचलला. नाही जमलं. दुसऱ्या दिवशी नाही जमलं. तिसऱ्या दिवशी तर जी बाई उतरली, तिला बघून वहिनी म्हणाल्या, "ही कोण आणलीत?" मास्तर जवळ जाऊन वहिनींकडे बघायचे, चष्मा लावून, चष्मा काढून. वहिनी पोळपाटावर वाकलेल्या, कपडे वाळत घालताना हात वर केलेल्या. प्रत्येक वेळी चित्रात कुणीतरी भलतीच यायची. सुरीने खरवडून खरवडून वाळूला त्या जागी खड्डा पडायची वेळ आली. महिनाअखेरीला पाच दिवस उरले.

शुक्रवारी त्यांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "लांबून बघितलंय का त्यांना कधी?"

मास्तर विचार करत राहिले. दुकान खाली कोपऱ्यावर, घर वर. वहिनींचे कपडेही तयार यायचे, कारण शिंप्याच्या बायकोचं काम नेहमी गिऱ्हाइकांच्या मागे पडतं. चाळीस वर्षांत तिच्या अंगाला टेप लावली नव्हती आणि दोन खोल्यांपेक्षा जास्त अंतरावरून तिला पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी आम्ही समुद्रावर निघालो. बसने दोन तास. मलाही नेलं, कारण मला नेणार नाही असं कुणी स्पष्ट म्हणालं नाही. वहिनी फिक्या निळ्या कपड्यांत, हातात पिवळी छत्री.

"छत्री मिट," मास्तर म्हणाले. "छत्रीवरून कुणीही ओळखेल."

"ऊन लागेल."

"लागू दे थोडं. आता जा."

"कुठे?"

"लांब. सरळ चालत जा. मागे बघू नकोस."

"भाऊजी, ऐकलंत ना? चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला जा म्हणालेत," असं म्हणून वहिनी निघाल्या.

मास्तरांनी चष्मा काढला. किनाऱ्यावर बरीच माणसं होती, फिरणारी, पोरं खेळवणारी. वहिनी त्यांच्यातून जात जात लहान झाल्या, मग नुसता निळा ठिपका झाल्या. मी म्हटलं, "काढा की आता." मास्तर ऐकत नव्हते. मान पुढे करून बघत होते.

"डावा पाय," ते म्हणाले.

"काय झालं डाव्या पायाला?"

"ती तो टाकत नाही. ठेवते."

"वाळू आहे मास्तर. वाळूत सगळेच तसे चालतात."

"वाळू आजची आहे. ही सवय जुनी आहे. उजवा खांदा बघ, केवढा खाली आलाय. दीड इंच सहज. हे दोन-चार महिन्यांत होत नाही रे, याला वर्षं लागतात." त्यांचा आवाज बारीक झाला. "गिऱ्हाईक असती तर मी पहिल्या दिवशी वहीत लिहिलं असतं."

मग ते एकदम उठले आणि चालायला लागले. चष्मा माझ्या मांडीवर पडलेला. मी हाका मारल्या. त्या सगळ्या गर्दीतून, कुणालाही न धडकता, कुणालाही न विचारता, ते सरळ त्या निळ्या ठिपक्यापाशी जाऊन थांबले. तिथे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. लाटांचा आवाज फार होता. समुद्राबद्दल माझी तेवढी एक तक्रार आहे.

बाकीचं बसमध्ये कळलं, कारण मी मागच्याच सीटवर बसलो.

"कधीपासून दुखतोय?"

"दुकान चालू होतं तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चाला, पण जिने बंद करा. त्रेसष्ट पायऱ्या आहेत, बंद करून जाऊ कुठे?"

"मला बोलली नाहीस."

"रात्री नऊला यायचात. दमलेल्या माणसाला गुडघा दाखवू की जेवायला वाढू?"

"आणि आता? आता दिवसभर घरात असतो मी."

"आता पडदे बघता," वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लेकीकडे लिफ्ट आहे."

म्हणजे नातवंडं नव्हतीच! मी अकरा जणांना सांगून बसलो होतो.

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. घराजवळचा थांबा यायच्या आधी म्हणाले, "जाऊ आपण लेकीकडे. मी फोन करतो उद्या." अगदी साध्या आवाजात म्हणाले.  मी खोकलो आणि दोघांनी मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चित्र पुढे घेतलं. ओल्या वाळूच्या कडेला फिक्या निळ्याचा एक फटकारा, उजवीकडे जरा जड. डोक्याचा ठिपका. सावली. उजवा पाय उतरला, डावा काढलाच नाही, तो पाण्याच्या चकाकीत विरून गेला. पाच मिनिटं लागली नसतील. वहिनी दारातून, लांबूनच बघत होत्या.

"ती मीच," त्या म्हणाल्या. डोळ्याला पदर नाही, काही नाही. नुसत्या म्हणाल्या. मग, "गुडघासुद्धा दिसतोय मेला."

आणि भांडण सुरू झालं. पण उलटं.

"मी शब्द दिला होता. जमलं तर इथेच राहायचं. जमलंय. बॅग माळ्यावर टाका."

"शब्द राहू दे. मी तुझा पाय बघितलाय. जायचं म्हणजे जायचं."

"तिथे जाऊन तुम्ही बाकावर बसणार तोंड पाडून. ते मी बघत बसू?"

"आणि इथे तू त्रेसष्ट पायऱ्या चढणार, ते मी बघत बसू?"

असं तासभर. दोघंही एकमेकांसाठी इतकं ओरडत होते की मधे बोलायला फट मिळेना. शेवटी मी ओरडलो, "अहो, इमारतीला तळमजला आहे की नाही?"

दोघं माझ्याकडे वळले.

"आमचं घर घ्या. खोल्या तेवढ्याच. दाराबाहेर एक पायरी, ती पण मोडकी. आम्ही वर येतो."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "घरात विचारलंत?"

विचारलं नव्हतं. विचारल्यावर जे झालं ते मी इथे लिहिणार नाही, एरवी मी काहीही लिहितो. आमची ही तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी वर जाऊन आली आणि म्हणाली, "ऊन चांगलं येतं. कपडे वाळतील." घरमालकाने खांदे उडवले. लेकीला मास्तरांनी स्वतः फोन केला: "येतो, पण पाहुणे म्हणून. पंधरा दिवस. लिफ्टमध्ये बसायची तुझ्या आईला फार हौस आहे."

चित्र वाचनालयात लागलं. बाईंनी मास्तरांना सांगितलंय की पुढच्या महिन्यापासून शुक्रवारी माणसं कशी टाकायची ते तुम्ही दाखवायचं. मास्तरांनी तीन दिवस झोप घालवली आणि हो म्हणाले.

आता सकाळी ते खाली दारात खुर्ची टाकून बसतात, मांडीवर फळी, खिशात चष्मा. वहिनी कोपऱ्यापर्यंत जातात आणि येतात, परत जातात. सपाटीवर चालायला सांगितलंय म्हणे. गेल्या तीन वर्षांत जेवढ्या बाहेर पडल्या नसतील, तेवढ्या एका आठवड्यात पडल्या. मला गॅलरीतून दोघं दिसतात. मधे बरंच अंतर, आणि त्या अंतरातून चाललेली बोलाचाली.

"थांब जरा तिथे!"

"थांबणार नाही. तुम्ही हात चालवा!"

कोपऱ्यावर पोहोचल्या की वळून बघतात, त्यांनी ब्रश उचललाय की नाही. उचललेला असतो.